संपली नाही म्हणजे चांगली आहे

मेकअपची वस्तू खराब कधी होते? संपल्यावर. त्याआधी खराब होते असं जो सांगतो, त्याला एक तर नवी विकायची असते, नाही तर त्याच्या घरी पैसा जास्त झालेला असतो. आमच्या घरात हा नियम तीन पिढ्या पाळतात. आईच्या लग्नातली मरून लिपस्टिक अजून लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये आहे, पाटल्यांच्या डबीशेजारी. लग्न १९९३ चं. लिपस्टिकला आता जुन्या खोबऱ्याच्या वाटीसारखा वास येतो. आई म्हणते, पूर्वीच्या मालात अस्सल पदार्थ असायचे, त्यांचा तो वास.

एका अर्थी आईचं बरोबर आहे. लिपस्टिकमध्ये मेण असतं आणि एरंडेलासारखी तेलं असतात, आणि तेल म्हटलं की कधी ना कधी ते खवट होणारच. म्हणून उघडल्यापासून वर्षा-दोन वर्षांत ती टाकून द्यावी, असं जाणकार सांगतात. सांगू द्या. त्यांच्या घरी चिवडा खवट झाला तर ते तोसुद्धा फेकत असतील. आपण त्याला पुन्हा फोडणी देतो.

तर तुम्हालाही तुमचा मेकअप पिढीजात करायचा असेल, तर सुरुवात खोक्यापासून करा. नवी वस्तू घरी आली की पहिल्यांदा तिचं खोकं फेका. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे मालावर ‘अमुक महिन्यापूर्वी वापरा’ असं छापावं लागतं, आणि ही कटकट बरेचदा ठळकपणे त्या खोक्यावरच असते. बाटलीच्या बुडाशी चिकटवलेलं बारीक अक्षरांचं स्टिकर राहिलं असेल, तर घाबरू नका. तेलकट बोटांनी दोन महिन्यांत ते पुसलं जातं. तारीखच नाही, तर ती उलटणार कशी?

एक खूण मात्र चिवट निघते. झाकण उघडलेल्या छोट्या बरणीचं चित्र, आणि तिच्या पोटात ‘६ एम’, ‘१२ एम’, नाही तर ‘२४ एम’. युरोपात जो माल ३० महिन्यांपेक्षा जास्त टिकतो, त्यावर ही खूण छापण्याची सक्ती आहे. अर्थ इतकाच की झाकण उघडल्यापासून इतके महिने. म्हणजे खोक्यावरची तारीख बंद बाटलीची आणि बरणीतला आकडा उघड्या बाटलीचा. दोघांत जे आधी येईल ते खरं. हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी मी ‘१२ एम’ म्हणजे बारा मिलीलीटर समजत होते. आमच्या काकूचा अर्थ त्याहून चांगला होता. ती म्हणाली, “सहा एम म्हंजे सहा मेंबर. घरातल्या सहा जणींले पुरते.” काकू अजूनही हाच अर्थ धरून चालते, आणि तुम्हीही चालावं असा माझा आग्रह आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आता मस्कारा. याचं आयुष्य तीन महिने, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. इथे गणित आपल्या बाजूचं आहे. तीन महिने म्हणजे ९० दिवस. नागपुरात साधारण घरातली बाई मस्कारा कधी लावते? लग्नात. वर्षाकाठी जवळची लग्नं चार. ९० भागिले चार, म्हणजे साडेबावीस वर्षं. एका मस्काऱ्यात तुमचं आणि तुमच्या मुलीचं लग्न उरकून वर बारशालाही थोडा उरतो.

जंतूंना हा हिशोब मान्य नाही, कारण ते लग्नाची वाट पाहत नाहीत. मस्काऱ्याची नळी म्हणजे ओलसर, अंधारी, चहूबाजूंनी बंद अशी खोली. पापणीवरून फिरलेला ब्रश तुम्ही त्यात परत घालता, तेव्हा पापणीवरचे भाडेकरूही आत नेऊन ठेवता. वर तो ब्रश खालीवर पंपासारखा हाणला, की आत हवाही जाते. मस्कारा वाळतो लवकर आणि जंतू पोसले जातात निवांत. त्यातला टिकवणारा पदार्थ, ज्याला प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतात, काही दिवस झुंज देतो आणि मग थकतो.

वाळला की त्यात पाणी घाला. पाणी नसेल तर थुंकी आहेच. ही आपल्या घराघरातली विद्या आहे, ती मरू देऊ नका. पाण्यानं प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतो आणि जंतूंची उरलीसुरली अडचण दूर होते. थुंकीनं तर तोंडातले जंतू डोळ्यापर्यंत रीतसर पोचवता येतात. स्यूडोमोनास नावाचा एक जिवाणू आहे, त्याला ओल फार आवडते. बुबुळावर मस्काऱ्याच्या ब्रशचा साधा ओरखडा पडला आणि हा पाहुणा त्यात शिरला, तर बुबुळाला व्रण होतो, नजर जाऊ शकते. पण नवा मस्कारा चारशे रुपयांचा आहे हेही विसरू नका.

या विद्येची परीक्षा द्यायची तर मे महिन्यातलं लग्न हवं. मागल्या वर्षी मानेवाडा रोडच्या एका कार्यालयात मी ती पाहिली. मुहूर्त दुपारी १२ वाजून २६ मिनिटांचा, बाहेर उन्हाची नुसती भट्टी, आणि नवरीच्या खोलीत एक आरसा, एक ट्यूबलाइट, एक बंद पडलेला कूलर अन् अकरा बाया. काजळाची पेन्सिल मात्र एक. आधी ती नवरीच्या बहिणीनं घेतली. तिच्याकडून मावशीकडे. मावशीकडून मामीकडे, जिचा डोळा सकाळपासून ‘जरासा चुरचुरून राहिला’ होता. मामीनं दोन्ही डोळे भरले आणि मग तीच पेन्सिल कडेवरच्या पोराच्या गालावर टेकवून तीट लावली. पोराचं नाक वाहत होतं. तिटेनंतर पेन्सिल परत फिरली, ती आत्याच्या डोळ्यात गेली.

तिसऱ्या दिवशी तिघींच्या डोळ्यांना रांजणवाडी. चौथ्या दिवशी मामीचा डोळा उघडेना. सगळ्यांचं एकच मत पडलं: लग्नात नजर लागली. मग मिरच्या-मीठ ओवाळून टाकलं. ज्या पेन्सिलीनं पोराला नजरेपासून वाचवलं तिनंच मोठ्यांना लावली, हे कोणी म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं. लग्नघरात असं बोलू नये.

एक पुण्याची वहिनी तेवढी स्वतःची थैली घेऊन आली होती. काजळाच्या पेन्सिलीला वापरण्याआधी शार्पनर मारायची, वापरून झाल्यावर परत मारायची. म्हणे, वरचा थर निघून जातो. लिपस्टिक कोणी मागितली तर तिनं एका स्वच्छ चमच्यानं तिचा कण खरवडून दिला, कांडी हातात दिलीच नाही. मस्काऱ्याला तर साफ नाही म्हणाली. पंगतीत त्याची चर्चा जिलबीपर्यंत पुरली. “एवढा शिष्टपणा? पुण्याची आहे जी, चालायचंच.” तिच्यासारखं करू नका. तिचे डोळे नीट राहिले खरे, पण नावाला बट्टा लागला तो लागलाच.

पार्लरवाल्या ताईंचं कौतुक तर वेगळंच करावं लागेल. कुठलं पार्लर ते विचारू नका, कारण जे मी सांगणार आहे ते तुमच्याही ओळखीच्या ताईंचं निघायचं. कमरेला ब्रशांचा पट्टा, हातात अंड्याएवढा स्पंज. तो कधीकाळी गुलाबी असावा, आता त्याला तर्रीचा रंग चढलेला. नवरी, नवरीच्या चार बहिणी, दोन करवल्या, नवरदेवाची बहीण (तिला नाही कसं म्हणणार?), सगळ्यांचे चेहरे त्याच स्पंजानं. दोन चेहऱ्यांच्या मध्ये स्वच्छतेचा विधी होता: ताई ब्रशवर जोरात फुंकर मारायच्या आणि तो स्वतःच्या मनगटावर दोनदा घासायच्या. स्पंज एकदा खाली पडला. हळद, अक्षता, कोणाच्या तरी पायाची मेंदी, सगळ्यांतून लोळला. ताईंनी उचलला, झटकला, पुढे चालू.

बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये लोकांच्या वापरातल्या ४६७ वस्तू तपासल्या. लिपस्टिक, लिप ग्लॉस, आयलायनर, मस्कारा आणि हे स्पंज. दहातल्या सुमारे नऊ वस्तूंत जिवाणू सापडले, त्यांत ई. कोलायसुद्धा, जो मुळात आतड्यात राहतो आणि गालावर कसा आला हे विचारू नये. सगळ्यांत घाणेरडा निघाला स्पंज. ९३ टक्के स्पंज कधी धुतलेच नव्हते, आणि ६४ टक्के खाली पडूनही तसेच वापरात होते. म्हणजे आमच्या ताई एकट्या नाहीत. विलायतेतल्या बायाही मनानं नागपूरच्याच आहेत हे वाचून मला फार बरं वाटलं.

स्पंज आठवड्यातून एकदा साबणानं पिळून धुवावा, मोकळ्या हवेत पूर्ण वाळवावा, ओला असताना थैलीत कोंबू नये आणि तीन-एक महिन्यांनी सरळ फेकावा, असं सांगतात. ब्रश धुताना केस खाली धरावे, नाही तर पाणी दांड्यात शिरून गोंद सुटतो. इतकं सगळं करत बसलो तर लग्न कधी लावायचं?

मेकअप ठेवायचा कुठे, हा प्रश्न नागपूरकरांनी केव्हाच सोडवला आहे. गाडीच्या डिक्कीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं म्हणणं असं की डोळ्यांचा मेकअप २९ अंशांच्या वर ठेवू नये, उन्हात तापलेल्या गाडीत तर नाहीच, कारण उष्णतेनं प्रिझर्व्हेटिव्ह दुबळा पडतो. २९ अंश! मे महिन्यात आमच्याकडे कधी कधी पहाटे चारलासुद्धा पारा इतका खाली येत नाही. २०२४ च्या मे अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित यंत्रानं ५६ अंश दाखवले. दिवसभर आम्ही छाती फुगवून फिरलो, आणि मग हवामान खात्यानं कळवलं की सेन्सर बिघडला होता. बर्डीवर दुपारभर उभ्या असलेल्या माझ्या स्कूटीची डिक्की मात्र बिघडलेली नव्हती. त्यात लिपस्टिक अशी घामाघूम झाली होती की अंगावर तेलाचे थेंब, आणि झाकण उघडल्यावर ती कांडी न राहता आमटी झालेली. मी ती घरी नेऊन फ्रिजमध्ये दह्यामागे उभी केली. सकाळी परत कडक. थोडी वाकडी, आणि तिला किंचित विरजणाचा वास होता, पण कडक. अशी पुनर्जन्म घेतलेली लिपस्टिक आमच्याकडे शुभ समजतात.

पावडरीचं तेवढं बरं. तिच्यात पाणी नसतं, आणि पाणी नाही तिथे जंतूंचं फारसं चालत नाही, म्हणून कोरडी पावडर दोन वर्षंही टिकते. हा तिचा उद्धटपणा मोडून काढायला आपल्याकडे कूलर आहे. ड्रेसिंग टेबल बरोब्बर कूलरच्या झोतात ठेवा. वाळ्याच्या टट्ट्यांतून येणारी ती ओली, थंडगार, किंचित शेवाळी हवा उघड्या कॉम्पॅक्टवर महिनाभर खेळू द्या. जूनपर्यंत पावडरीच्या मध्यभागी एक कडक, चकचकीत, तेलकट चकती तयार होते, जिच्यावर स्पंज कितीही घासला तरी काही उमटत नाही. तिला नखानं खरवडायचं. नखाखाली काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

बाथरूमच्या आरशावर टिकल्या चिकटवून ठेवण्याची पद्धत मी इथे घेत नाही. ती स्वच्छतेत बसत नाही, संस्कारांत बसते.

काहींना वस्तू किती टिकते यापेक्षा चेहऱ्यावर मेकअप किती टिकतो याची काळजी जास्त. डबीवर ‘२४ तास’ लिहिलेलं असतं. हे २४ तास कोणत्या गावातले ते लिहिलेलं नसतं. धरमपेठेतून महालात जायचं तर आमच्या पोट्ट्या आधी फाउंडेशन लावतात, मग त्यावर दुपट्टा असा गुंडाळतात की फक्त डोळे दिसावेत, आणि मग सिग्नलला सगळ्या दरोडेखोरांसारख्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. पोचल्यावर दुपट्टा सोडला की फाउंडेशन दुपट्ट्याला आणि दुपट्ट्यावरची धूळ चेहऱ्याला. माझा मोतिया रंगाचा दुपट्टा मार्च ते जून न धुता वापरला, तर जूनमध्ये तो हुबेहूब माझ्या रंगाचा होतो. दुकानात शेड जुळवायला मी तोच नेते. चेहऱ्यावर पुटकुळ्या उठतात, त्यांचं खापर मी सावजीवर फोडते. सावजीवाला काही बोलत नाही.

आणि २४ तासांचा मेकअप २४ तास ठेवावा, पैसे दिले आहेत. रात्री तो धुऊन टाकणं म्हणजे आठ-दहा तासांचे पैसे पाण्यात. लग्नाहून रात्री एकला आलात, तसेच आडवे व्हा. काजळ आणि मस्कारा पापणीच्या मुळाशी सावकाश मुरू द्या, तिथल्या तेलग्रंथींची तोंडं बंद होऊ द्या. उशीची खोळ सकाळी पाहिली की कळतं, चेहरा कुठे कुठे गेला होता.

दुकानातल्या टेस्टरबद्दल मात्र मला तक्रार आहे. ते फुकट असतं, उघडं असतं, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत निम्म्या शहराचे ओठ त्याला लागून गेलेले असतात, तरी काही जणी ते मनगटावर लावून बघतात. मनगटावर? फुकटची वस्तू ओठांना लावायची सोडून? वर कोणी कोणी विक्रेत्या मुलीला ते आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायला सांगतात. अशा बाईच्या मागे रांगेत उभं राहण्याचा प्रसंग माझ्यावर आला आहे. आम्ही सगळ्यांनी डोळे वर केले.

२०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती, आठवते? घरोघरी काळे चष्मे, पोरांना शाळेतून परत पाठवणं, एकमेकांकडे बघायलाही लोक भ्यायचे. बघण्यानं काही होत नाही. हात, रुमाल, टॉवेल आणि काजळ यांनी होतं. आम्ही टॉवेल उकळले. रुमाल डेटॉलात भिजवले. चष्मे धुतले. आणि डोळे बरे झाले त्या दिवशी, सात दिवस कोरडे राहिले बिचारे म्हणून, त्याच डबीतलं तेच काजळ बोटानं भरून घातलं. डोळे दुसऱ्यांदा आले तेव्हा काकू म्हणाली, “मुरलं नव्हतं वाटते पहिल्या खेपेचं.”

त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी इतवारीत मारबत, म्हणजे रोगराई गावाबाहेर घालवायला काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, बघायला उभी होते. काळी मारबत आली, पिवळी आली, नेहरू पुतळ्यापाशी त्यांची गाठ पडली, बडग्यांवर, म्हणजे सोबतच्या टिंगलीच्या पुतळ्यांवर, नेहमीप्रमाणे महागाई आणि पुढारी होते. गर्दी ओरडत होती, “इडा-पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” पोरं घरातल्या मोडक्या वस्तू पुढे फेकत होती. माझा डोळा तेव्हा अजून लाल होता. मला काय वाटलं कोण जाणे, घरी आले आणि कपाट उपसलं. वाळलेले तीन मस्कारे. बुडाला पाणी सुटलेलं फाउंडेशन. दोन थरांत फाटलेलं नेलपॉलिश. तारीख उलटून गेलेलं सनस्क्रीन, जे मी नियमानं लावून नियमानं काळी पडत होते. काजळाच्या चार डब्या. सगळं एका पिशवीत भरलं आणि कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत दारात ठेवलं.

आई म्हणाली, “काऊन फेकून राहिली? चांगलं तं आहे. मावशीले दे.”

हे तुम्हाला सांगायचंच राहिलं होतं. आपल्याला नको असलेला मेकअप फेकायचा नसतो, कामवाल्या मावशींना द्यायचा असतो. त्यानं वस्तू वाया जात नाही, पुण्य लागतं, आणि दिवाळीला साडी थोडी हलकी दिली तरी चालते. मी पिशवीला छान गाठ मारली आणि मावशींच्या हातात दिली. “तुमच्या पोरीले होईल,” म्हटलं. पोरगी दहावीला होती, तिला अशा गोष्टींची हौस असणारच.

दुसऱ्या दिवशी पिशवी परत आली, गाठ सोडून पुन्हा मारलेली. मावशी ओट्यावर ठेवून म्हणाल्या, “ताई, पोरीनं सगळं वाचलं. मागं बरणीचं चित्र रायते म्हणे, त्याच्यात महिने लिहेल असतात. सगळे सरले म्हणते.” मी म्हटलं, अहो, तसं काही होत नाही, आम्ही नाही का लावत. त्या भांडी घासत घासत, वर न बघता म्हणाल्या, “तुमच्या डोळ्याले नाही चालत, तं माह्या पोरीच्या डोळ्याले कसं चालन जी?”

आई दोन दिवस म्हणत होती, आजकाल लोकांना दिलेलं पचत नाही.

पिशवी सध्या फ्रिजमध्ये आहे, दह्यामागे. फाउंडेशनमध्ये दोन थेंब गुलाबजल घातलं की ते परत एकजीव होतं, मी करून पाहिलं. १८ तारखेला उमरेडला मामेबहिणीचं लग्न आहे, आणि काजळ आणते म्हणून मी फोनवर सांगून बसले आहे.